मुंबई ते न्यूयॉर्क : विमानाचे तास आणि दारापासून दारापर्यंतचे तास

मुंबई–न्यूयॉर्क हवाई अंतर साधारण १२,५०० किमी. थेट विमान जाताना सोळा तासांच्या आसपास घेतं, येताना चौदाच्या. पण हे झाले फक्त हवेतले तास. घरातून निघून पलीकडच्या दारात पोचेपर्यंत तुमचा किती वेळ गेला आणि कशात गेला, ते लिहा. दुसऱ्या लांबच्या जोड्याही चालतील. तिकिटांचे भाव नकोत, त्यावरून वेगळं भांडू.

सांगलीहून
आमचा अमेरिका प्रवास रात्रीच्या बसने सुरू होतो. मुंबईपर्यंतच्या पावणेचारशे किलोमीटरला आठ-नऊ तास, आणि पुढचे साडेबारा हजार सोळा तासांत! बस वाशीला अडकली की लेकाचा फोन, "बाबा, कुठवर आलात?" तीन तास आधी विमानतळावर हजर राहायचं, ते वेगळंच. हिच्या गुडघ्यांसाठी व्हीलचेअर मागितली होती. माझे पाय ठणठणीत, पण तिच्यामागोमाग मीही रांगेतून सुटलो. आता लेक न्यायला येतो, तर त्याला कितीला बोलवावं?

एडिसन, न्यू जर्सी
जाण्यायेण्यातला फरक वाऱ्याचा. उंचावर जेट प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात जास्तच जोरात. म्हणून डिसेंबरात भारतात झटकन पोचतो आणि परतीचा प्रवास संपता संपत नाही. तेही सुट्टी संपलेली असताना.

सॅन होजे, कॅलिफोर्निया
वाऱ्याचा खरा हिशोब दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को मार्गावर बघा. २०१६ पासून हे विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेऊ लागले. अंतर वाढून १५,००० किमीच्या वर गेलं, तरी वारा पाठीशी असल्याने वेळ उलट घटून साडेचौदा तासांवर आला. पहाटे दिल्लीतून निघालो आणि त्याच तारखेच्या सकाळी इथे उतरलो. फोनवर आईला हे समजावणं हा त्याहून लांबचा प्रवास. बंगळूरचं थेट विमान आणखी निराळं. जानेवारी २०२१ मध्ये पहिल्या फेरीत कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या महिला सहकाऱ्यांनी ते सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून बंगळूरला आणलं.

नागपूरहून
वारा सोडा, राजकारणाचं काय? एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली आणि दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना मध्ये थांबावं लागलं. आमचं व्हिएन्नाला इंधन भरायला उतरलं. युरोप बघितला तो खिडकीतून. पुढचं जोडविमान चुकलं ते चुकलंच. मुलांना सांगते, एका तासाच्या अंतराने दुसरं विमान कधीच घेऊ नका.

एडिसन, न्यू जर्सी
सांगलीच्या काकांना : विमान वेळेआधी टेकलं तरी इमिग्रेशन आणि सामान मिळून दीड-दोन तास धरा. लेकाला म्हणावं, विमान उतरल्यावर फोन करतो, मगच घरातून नीघ. पार्किंगचे डॉलर वाचतील.