अनुभव सांगा: दसरा सरल्यावर त्यातलं काय हाताशी राहतं?

कौत्साची गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. गुरुदक्षिणेसाठी त्याला 14 कोटी सुवर्णमुद्रा हव्या होत्या आणि रघुराजाचा खजिना यज्ञात रिता झाला होता. रघूने स्वारीची तयारी करताच कुबेराने सोन्याचा पाऊस पाडला. आपल्याकडे सांगतात, तो आपट्याच्या झाडावर. कौत्साने मोजून 14 कोटी घेतले. उरलेलं रघूनेही ठेवलं नाही, ते लोकांनी लुटलं. या सणातली मला सगळ्यात मोठी वाटणारी जागा हीच: देणारा हात आखडत नाही आणि घेणारा जास्त घेत नाही. तोरणं, पूजा यांवर पुष्कळ बोलून झालंय. एरवीच्या दिवसांत, कामावर, शेतात, शेजारात तुम्ही यातलं काय पाळता ते लिहा.

लेथवर काम करणारा, चिंचवड
खंडेनवमीला आमच्या शॉपमध्ये प्रत्येक मशीनला झेंडूची माळ असते. मला शिकवणारे उस्ताद म्हणायचे, हळदकुंकू वर्षातून एकदा, पुसणं रोज. म्हणून पाळी संपायच्या आधी बेडवरचा कीस झाडतो, स्लाइडवर तेल फिरवतो. मायक्रोमीटर ठेवताना त्याची दोन तोंडं एकमेकांना टेकू देत नाही, बारीक फट ठेवतो. उकाड्यात धातू फुगतो आणि टेकलेली तोंडं दाबली जातात. मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणारं हत्यार आहे ते, त्याचा मान असाच राखायचा. माझ्यानंतर येणाऱ्याला मशीन स्वच्छ मिळतं. आता तोही माझ्यासाठी तसंच सोडून जातो.

एसटी चालक
गाडीला हार एक दिवस. टायर आणि ब्रेक बघणं रोज, मार्गावर निघण्याआधी. माझी शस्त्रपूजा तीच.

शेतकरी, पारनेर तालुका
धाकट्या चुलत्यांशी आमचा बांधावरून वाद. दावा कोर्टात आहे, तो तिथे चालेल. पण विहीर सामाईक, आणि पाण्याच्या पाळीवरून सारखी तोंडातोंडी व्हायची. एका दसऱ्याला गावात सोनं वाटून झालं तेव्हा वडील म्हणाले, चल, अण्णाकडेही जाऊन येऊ. आई काही बोलली नाही. उंबऱ्यात उभं राहून वडिलांनी पान पुढं केलं. अण्णांनी ते घेतलं, वडिलांच्या पाया पडले, चहा झाला. बांधाचा विषय कुणीच काढला नाही. त्यानंतर पाळीचे वार मोटारीच्या पेटीवर रंगानं लिहून टाकले. लाइट रात्रीची असली की आलटूनपालटून विहिरीवर जातो. मागच्या रब्बीत मी तापानं पडलो, तर कांद्याला पाणी चुलतभावानं दिलं. मनं जुळली असं म्हणणार नाही. पण सीमोल्लंघन म्हटलं की मला त्यांचं अंगण ओलांडलेलं आठवतं, आणि आता ते कधीही ओलांडता येतं.

नुकतीच नोकरीला लागलेली, नांदेड
इंजिनिअरिंगला एका ट्रस्टची मदत मिळत होती. पुढे सरकारी शिष्यवृत्ती मंजूर झाली, फी भागली. ओळखीतले सांगत होते, दोन्ही घे, कोण विचारतंय? मी ट्रस्टला कळवलं की माझी रक्कम दुसऱ्या कुणाला द्या. तेव्हा कौत्स डोक्यात होता असं नाही. पण ही गोष्ट आजीनं दर दसऱ्याला सांगितलेली, मोजून घेणं तिथूनच आलं असावं.

शिक्षिका, सातारा
दसऱ्याआधी बाजारात ओरबाडलेल्या फांद्यांचे ढीग येतात, त्यात कांचनही आपटा म्हणून खपतो. ते बघवत नाही. आमच्या शाळेत मुलं आपट्याचं पान नव्हे, रोप देतात. शेंगा वाळल्या की बिया काढायच्या, कवच कठीण म्हणून गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजवायच्या, मग पिशवीत लावायच्या. रोप सावकाश वाढतं, तेवढा धीर धरायला मुलं शिकतात.
पारनेरचे दादा, तुमच्याकडे पाऊस कमी, पण आपटा कोरड्या माळावरही तग धरतो. बांधाचा निकाल लागायचाय, तर विहिरीपासून थोडं लांब, दोन्ही घरांना सोयीच्या जागी लावा. खड्डे उन्हाळ्यातच खणून ठेवा. पाऊस सुरू झाला की रोपं पाठवते.