टायगरचं 100 मिमी चिलखत नेमकं जातं कुठे?

गोंधळलेला गनर

मंडळी, साधा प्रश्न आहे. उत्तर देताना जर्मन-रशियन युद्ध पुन्हा पेटवू नका. (पेटवणारच, ठाऊक आहे.)

वर्ल्ड ऑफ टँक्स हा टँकांचा ऑनलाइन गेम सोडून वॉर थंडर या तसल्याच दुसऱ्या गेममध्ये आलोय. तिकडे टायगर (जर्मन टँक) घेऊन उभं राहिलं की चार-पाच गोळे अंगावर झेलता यायचे. एचपी (टँकची शिल्लक ताकद) कमी होत जायचे, पण तेवढ्यात मागे सरकायला उसंत मिळायची. इकडे काल रिअलिस्टिक मोडमध्ये गल्लीच्या तोंडाशी टायगर लावला. तोफ समोर, हल (टँकचं धड) समोर, सगळं शिस्तीत. रशियन टी-34-85 टँक आला, थांबला, एक गोळा. पाचही माणसं गारद. हिट कॅममध्ये (गोळा कुठे लागला ते दाखवणारं दृश्य) बघतो तर गोळा ड्रायव्हरच्या खिडकीजवळून आत शिरून फुटलेला.

बाजूनं नाही, मागून नाही, चक्क समोरून! 100 मिमीच्या पाटीतून! मग टायगर टायगर म्हणून एवढा गवगवा आहे तो कशाचा?

चौतीसवाला

"तोफ समोर, हल समोर, सगळं शिस्तीत" हे वाचूनच मला उचंबळून आलं. असे टायगर रोज भेटोत.

आणि पुढचा मेसेज "गेममध्ये रशियन टँकांना झुकतं माप आहे" असा टाइप करणार असाल तर थांबा. टायगर लढाईत उतरला 1942 मध्ये. टी-34 वर 85 मिमीची तोफ आली 1944 मध्ये, आणि ती आणली टायगर-पँथर फोडायलाच. ज्या कामाला आणली ते काम तिनं केलं. तक्रार कोणाकडे करताय?

झुडूपवासी

चौतीसवाले, तुमचं झालं असेल तर मुद्द्याचं बोलू.

गनर, ही शाळेतली त्रिकोणमिती आहे. टायगरचं हल म्हणजे जवळपास सरळ उभ्या पाट्यांचं खोकं. ड्रायव्हरपुढची पाटी 100 मिमी, उतार जेमतेम 9-10 अंश. समोरून येणाऱ्या गोळ्याला 101-102 मिमी पोलाद लागणार, त्यापलीकडे काही नाही. टी-34 ची पाटी फक्त 45 मिमी, पण 60 अंश मागे झुकवलेली, म्हणून आडव्या रेषेत ती 90 भरते. तुमच्या निम्म्याहून पातळ पाटीत त्यांनी तुमच्या आसपासचं चिलखत बसवलं. शिवाय तुम्ही 57 टनांचे, तो 32 चा.

टायगरला बांधणीत उतार दिलेला नाही, तर तो आपण हल वळवून आणायचा. 30 अंश वळलात की पुढची पाटी आडव्या रेषेत 115 मिमी होते आणि वरची 80 मिमीची बाजू 160. मग लोकांना वाटतं, आणखी वळू. साधारण 39 अंशांवर पुढची आणि बाजूची पाटी दोन्ही 128 वर येतात, कागदावर फार सुंदर दिसतं. पण चाकांमागची खालची बाजू 80 नाही, 60 मिमी आहे! 39 अंशांवर ती 96 च भरते. म्हणजे एवढा खटाटोप करून सरळ उभं राहण्यापेक्षाही वाईट. 30 वर तीच 120 असते. म्हणून 30 च्या आसपास थांबायचं, पुढे हाव करायची नाही. मध्ये चाकं आणि ट्रॅक येतात, त्यांत एखादा गोळा अडकतोही, पण तो नशिबाचा भाग.

दोन गोष्टी आणखी. हल कितीही वळवलं तरी तोफ रोखली की टरेटचं (वरच्या फिरत्या बुरुजाचं) तोंड शत्रूकडे सरळच असतं, त्यामुळे गोळी झाडून झाली की कोपऱ्याआड मागे या आणि रिलोड तिथे करा. आणि 85 वाला अगदी नाकाशी आला तर 30 अंशसुद्धा पुरतीलच असं नाही. त्याला लांब ठेवा. लांबून तुमची 88 मिमीची तोफ त्याला फोडते, त्याची 85 तुमच्यावर घसरते. सगळा फायदा त्या अंतरात आहे आणि तुम्ही जाऊन बसलात गल्लीत.

पॅराशूट पायदळ

झुडूपवासी, 1943 मध्ये जर्मनांनी टायगरच्या क्रूसाठी चित्रं आणि कवितांची हस्तपुस्तिका काढली होती. तिच्यात हल तिरकं ठेवायला सांगितलंय, आणि घड्याळाच्या साडेदहा, दीड, साडेचार, साडेसात या दिशा दिल्यात. लक्षात राहावं म्हणून त्यांना जेवणाखाण्याच्या वेळा असं म्हटलंय. हिशोब केला तर हे 45 अंश होतात. टायगर बनवणाऱ्यांपेक्षा तुम्ही शहाणे का?

झुडूपवासी

शहाणा नाही, फक्त उशिरा जन्मलेला.

पुस्तिका 1943 ची. तेव्हा समोर कोण होतं? 76 मिमीवाला टी-34. 45 अंशांवर पुढची पाटी 141 होते, बाजूची 113, आणि ती खालची 60 वाली 85. 76 मिमीच्या साध्या गोळ्याला नेहमीच्या अंतरावर 85 सुद्धा जड जायचं. म्हणजे त्या वर्षी, त्या शत्रूसाठी 45 बरोबरच होतं. पुढच्या वर्षी शत्रूनं तोफ बदलली. गनरच्या समोर ती बदललेली तोफ आहे. शिवाय 45 लक्षात ठेवायला सोपं, आणि गोळीबार चालू असताना कोनमापक काढून बसायला कुणाला वेळ होता?

एचपीची आस

वॉर थंडरवाले नेहमीप्रमाणे हवेत. एक सांगा, कोन साधायला गनर शिकला कुठे? वर्ल्ड ऑफ टँक्समध्येच ना? कोपऱ्यामागून उलटं येत फक्त बाजू दाखवायची, ती इतकी तिरकी की गोळा 70 अंशांपलीकडे लागून घसरलाच पाहिजे. समोरच्याची तोफ पाटीच्या जाडीच्या तिपटीहून मोठी नसेल तर ही युक्ती चालते. हे तिकडे लहान पोराला कळतं.

आणि एचपीला हसू नका. एचपी आहेत म्हणून एका चुकीला दुसरी संधी मिळते. तुमच्याकडे गॅरेजमध्ये परत जाण्याचीच सवय लागते.

चौतीसवाला

दुसरी संधी मिळते खरी, पण फाशांच्या कृपेनं. सरासरी 240 नुकसान करणारी तोफ. शत्रूचे उरलेत 200. नेम पक्का, गोळा आरपार, आणि नुकसान किती? 180! कारण वर-खाली 25 टक्के. तो वीस एचपीवर हसत हसत निघून जातो. पेनिट्रेशनलाही (गोळा किती चिलखत भेदतो) तेच 25 टक्के. तुमच्याकडे लढाई कमी, सोडत जास्त.

एचपीची आस

आणि तुमच्याकडे गोळा दारूगोळ्याच्या रॅकला लागला तर स्फोट, दोन बोटं बाजूला लागला तर "हिट". ती सोडत नाही का?

चौतीसवाला

ती सोडत नाही, ती रॅक कुठे आहे ते माहीत असणं आहे.

लोणावळ्याचा नाही लोखंडाचा

वाद जिंकायच्या नादात कुणी खरी गोपनीय कागदपत्रं इथे टाकू नका म्हणजे झालं. 2021 मध्ये चॅलेंजर 2 या ब्रिटिश टँकच्या चिलखतावरून भांडताना एकानं वॉर थंडरच्या फोरमवर तसलेच कागद टाकले होते, आणि व्यवस्थापकांना ते घाईघाईनं काढावे लागले. टायगरवर भांडा. ऐंशी वर्षांपूर्वीचा टँक, कुणाला काही फरक पडत नाही.

गोंधळलेला गनर

30 अंश आणि अंतर, हे पटलं. पण माझा मूळ प्रश्न राहिलाच. 85 मिमीच्या तोफेनं इतका सहज फुटतो, तर टायगरचं नाव एवढं का झालं? नुसती दंतकथा?

झुडूपवासी

बरं झालं पुन्हा विचारलंत. सगळे पाट्यांची जाडी मोजत बसतात आणि हे राहून जातं.

टायगरच्या टरेटमध्ये तीन माणसं. कमांडर फक्त बघतो आणि हुकूम देतो, गनर फक्त नेम धरतो, लोडर फक्त गोळे भरतो. त्याच वेळी 76 मिमीवाल्या टी-34 च्या टरेटमध्ये दोनच माणसं, आणि तोफ डागायचं काम कमांडरच्याच गळ्यात. डोळा दुर्बिणीला लावून नेम धरणाऱ्या माणसानं आजूबाजूला बघायचं कधी, आणि बाकीच्या टँकांना सांगायचं कधी? टायगरचा कमांडर शत्रूला आधी बघायचा. 88 ची तोफ लांब अंतरावर अचूक, दुर्बीण उत्तम. पहिला गोळा टायगरचा जायचा आणि समोरच्याला तो कुठून आला हे कळायलाच वेळ लागायचा. चिलखत हा त्यानंतरचा बंदोबस्त. 1944 च्या टी-34-85 मध्ये तोफेबरोबर तीन माणसांचं टरेटही आलं, तोफेइतकाच फरक त्यानंही पडला असणार असं माझं मत.

आता गेममध्ये काय होतं बघा. ड्रायव्हर तुम्हीच, गनर तुम्हीच, कमांडर तुम्हीच. कॅमेरा टँकच्या मागे, वर तरंगतोय. भिंतीआड हल लपवून पलीकडचं सगळं बघायचं, केसालाही धक्का नाही. खऱ्या कमांडरला त्यासाठी डोकं बाहेर काढावं लागायचं. म्हणजे चौतीसवाल्याला फुकटात तुमच्याइतके डोळे मिळाले. वर आपल्या लढाया बऱ्याचदा काही शे मीटरवर होतात. टायगरच्या खऱ्या जमेच्या बाजू, म्हणजे नजर, कामाची वाटणी आणि लांबचा नेम, या सगळ्या कॅमेऱ्यानं सपाट केल्या. उरलं काय? 100 मिमीची उभी पाटी. तेवढ्यावरून टायगर जोखला तर तो खोकंच वाटणार.

म्हणून मी झुडपात बसतो. उंटावरून शेळ्या हाकतो म्हणून कितीही हसा. टायगर जसा वापरायला बनवला तसं वापरणं गेममध्ये तिथूनच जमतं.

एचपीची आस

हे मात्र मान्य. आणि झुडपाचं गणितही आमच्याकडचंच. झाडीपासून 15 मीटरहून मागे राहून गोळी झाडली तर झाडी तुम्हाला झाकत राहते, जवळून झाडली तर उघडे पडता. वरून टँक 445 मीटरपलीकडे असेल तर कुणी कितीही डोळे फाडले तरी तो स्पॉट होत नाही.

झुडूपवासी

आमच्याकडे झुडूप म्हणजे नुसतं झुडूप. समोरचा दुर्बीण लावून खरंच शोधतो. अजून मजा.

गनर, आज खेळण्याआधी एक करा. हँगरमध्ये टायगर निवडा, प्रोटेक्शन ॲनालिसिस उघडा, शत्रू म्हणून टी-34-85 घ्या आणि अंतर 100 ठेवा. मग कॅमेरा हळूहळू बाजूला फिरवत चाकांमागच्या त्या खालच्या पट्टीवर कर्सर धरा. लाल म्हणजे गोळा अडतो, हिरवं म्हणजे आत जातो. कुठल्या कोनाला लालचं हिरवं होतं ते बघा. मग अंतर 500 करून पुन्हा. दहा मिनिटांत जे कळेल ते इथल्या पन्नास मेसेजांत कळणार नाही. आणि टेकडीचा कडा सापडला तर आणखी बरं. तुमची तोफ 8 अंश खाली वाकते, त्याची 5. कड्यावर तुमचं फक्त टरेट दिसेल, आणि त्याला नेम धरायला अर्धं अंग उघडं टाकावं लागेल.

शर्मनची सावली

मधेच बोलतो, माफ करा. अमेरिकन शर्मन टँकला तोफ उभ्या दिशेत स्थिर ठेवणारा स्टॅबिलायझर होता, टायगरला नव्हता, चौतीसलाही नव्हता. तुम्ही दोघं थांबून तोफ डुलायची बंद होण्याची वाट बघता, तोवर मी हळू चालत्या टँकमधून एक मारून झाडीत. बसा अंश मोजत.

गोंधळलेला गनर

करून बघितलं. 100 मीटरवर जवळपास सगळीकडे हिरवं, अगदी 30 अंशांवरही पुढच्या पाटीत हिरवे तुकडे. 500 वर पुष्कळ लाल. म्हणजे गल्ली बंद. रात्री कुणी स्क्वॉडला येतंय का? झुडूपवासींनी जागा दाखवायची, मी टायगर आणतो.

चौतीसवाला

या की. मी पलीकडच्या टीममध्ये असेन. झुडूप कुठलं, तेवढं फक्त आधी सांगून ठेवा.