कृत्रिम सांध्यातला हट्टी जंतुसंसर्ग: प्रतिजैविकांना फाजची जोड द्यावी का?

मूळ मत
कृत्रिम गुडघ्याच्या धातूवर जीवाणू चिकट थर करून दडून बसले की प्रतिजैविके तिथे तोकडी पडतात आणि सांधा काढून पुन्हा बसवण्याची, क्वचित पाय गमावण्याची वेळ येते. अशा रुग्णांना प्रतिजैविकांसोबत फाज, म्हणजे जीवाणूंना मारणारे विषाणू, द्यावेत असे माझे ठाम मत आहे. बेल्जियमच्या पुढाकाराने उपचार झालेल्या 100 रुग्णांचा अहवाल 2024 मध्ये आला. त्यात 77.2 टक्के प्रकरणांत प्रकृती सुधारली. प्रतिजैविके सोबत नव्हती तेथे जीवाणू नष्ट होण्याची शक्यता मात्र 70 टक्क्यांनी कमी दिसली.

प्रतिसाद १, विरोधात
त्या शंभरांत फुप्फुसापासून हाडांपर्यंत नाना प्रकारचे संसर्ग होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. सांधा उघडून धुतला, प्रतिजैविके दिली आणि फाजही सोडले, तर गुण कशाचा आला हे कसे ठरवणार? भाजलेल्या जखमांवरील फाजोबर्न या चाचणीत तर फाज नेहमीच्या चांदीयुक्त मलमापुढे मागे पडले, हे विसरता येणार नाही.

प्रतिसाद २, बाजूने
फाजोबर्नमध्ये साठवणुकीत फाज निकामी होत गेले आणि रुग्णांना ठरल्यापेक्षा हजारो पटींनी कमी मात्रा मिळाली. तो दोष औषध तयार करण्याचा आणि टिकवण्याचा आहे. फ्रान्समधील लिऑनच्या क्रोआ-रूस रुग्णालयात सांधा काढण्याची शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या वयस्कर रुग्णांचा सांधा धुऊन, तो जागीच ठेवून आत फाज सोडले गेले आहेत आणि प्रतिजैविकेही चालू ठेवली आहेत. या रुग्णांसाठी दुसरी कोणती वाट होती, हेही विरोधकांनी सांगावे.

प्रतिसाद ३, विरोधात
जोड नेहमी लाभतेच असे नाही. फाज जीवाणूच्याच यंत्रणेवर वाढतो. त्यामुळे जीवाणूतील प्रथिननिर्मिती थांबवणारे प्रतिजैविक फाजचीही वाढ रोखू शकते. शिवाय शरीर फाजविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. रुग्णाच्या जीवाणूवर ही जोडी प्रयोगशाळेत तपासल्यावाचून दोन्ही एकत्र देणे मला धोक्याचे वाटते.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर
ही तपासणी सक्तीची असावी आणि प्रत्येक रुग्णाची, अपयशासह, नोंद व्हावी, हे मी मान्य करतो. मात्र ज्याचा पाय मांडीतून कापण्याचा दिवस ठरला आहे, त्याला रुग्णांच्या गटांवरील तुलनात्मक चाचण्यांचे निकाल येईपर्यंत थांबा, असे मी सांगू शकत नाही.