चेतकचा जुना एनसी रंग आणि नवा टू-के: घरी मारावा का? मदत हवी आहे

मंडळी, बाबांची १९८८ची बजाज चेतक घरीच रंगवायला काढली आहे. पावसाआधी उरकायचं आहे, पण ऐन रंगापाशी अडलोय.

१९९७ साली बाबांनीच ती अंगणात रंगवली होती. मी बारा वर्षांचा होतो, पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने घासणं माझ्याकडे. लांबीचा (खाचखळगे भरायच्या पुट्टीचा) पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, घासायचा, की पुन्हा दुसरा. आठवडाभर तेच. मग एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग, भरपूर थिनर, भाड्याचा काँप्रेसर आणि तोंडाला रुमाल. ओघळ आला तर दुसऱ्या दिवशी घासून परत स्प्रे गन मारायची, शेवटी रबिंग कंपाउंडने चमक काढायची. थिनर उडून गेलं की एनसी वाळतो, बाकी काही नाही. चुका पोटात घालणारा रंग होता तो. दमट हवेत पांढरट पडायचा, तेवढंच.

आता दुकानदाराने सरळ टू-के पीयू, म्हणजे दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग, पुढे ठेवला. हार्डनर मापून मिसळायचा, रंग रासायनिक क्रियेने घट्ट होतो, वाळल्यावर पेट्रोल सांडलं तरी डाग पडत नाही. लांबीच्या जागी मेटल पेस्ट, हार्डनर कालवला की वीसेक मिनिटांत घासायला तयार. चमक बघून मन भरतं. पण हार्डनरच्या डब्यावर आयसोसायनेट लिहिलंय आणि त्याबद्दल वाचल्यापासून हात पुढे होत नाही. त्याच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही उसळतो. बाबा ७६ वर्षांचे, त्यांना आधीच दमा. अंगण त्यांच्या खिडकीखालीच.

फूटबोर्डच्या रबरी पट्ट्यांखाली पत्रा सडला होता, तेवढा कापून नवा वेल्ड करून घेतला. डाव्या डिक्कीचा पोचा आतून ठोकून काढलाय. आता जुन्या रंगावरच टू-के चालेल की सगळं पत्र्यापर्यंत उतरवू? मेटल पेस्ट पाण्याने घासावी का? आणि कार्ट्रिजचा (हवा गाळणाऱ्या डब्यांचा) मास्क पुरेल का?

प्रतिसाद

आधी थिनरची चिंधी जुन्या रंगावर घासा. रंग चिंधीला लागला तर एनसी. त्यावर टू-के मारू नका, थिनर खालचा थर फुगवतं, सुरकुत्या येतात किंवा घासल्याच्या रेघा वर दिसतात. पत्र्यापर्यंत उतरवा आणि लगेच इपॉक्सी प्रायमर (गंज रोखणारं अस्तर) द्या, उघडा पत्रा रात्रभर ठेवू नका.

मेटल पेस्ट कोरडीच घासा. ती पाणी शोषते आणि वर्षभरात तिथेच फोड येतात. जुनी सवय असलेल्यांची हमखास इथेच फसगत होते.

टू-के मात्र घरी नको, हे कळकळीने सांगतो. आयसोसायनेटचा वास जाणवेपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून कार्ट्रिज संपली हेही कळत नाही. त्यासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क लागतो. तो तुम्ही घालाल, बाबांचं काय? ठोकणं, घासणं, पेस्ट सगळं घरी करा, पण घासताना धुळीचा मास्क लावा. इपॉक्सीचा हार्डनर घेतानाही त्यात आयसोसायनेट नाही ना ते डब्यावर वाचा, आणि बाबा घरी नसतील त्या दिवशीच मारा. शेवटचा रंग बूथमध्ये, म्हणजे गॅरेजच्या रंगकामाच्या बंदिस्त खोलीत, मारून घ्या. सुटे भाग तयार करून नेले तर खर्चही कमी येतो.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार. चिंधी लगेच निळी झाली, म्हणजे एनसीच. आजपासून उतरवायला घेतो. बाबांना आठ दिवस ताईकडे पाठवतोय. रंग तोच निळा ठेवायचा आहे. सातारा किंवा कराडला सुटे पॅनेल आणि स्कूटरची अखंड बॉडी बूथमध्ये घेणारं कुणी माहीत आहे का? दोन ठिकाणी विचारलं, ते फक्त चारचाकीच घेतात.