मदत हवी आहे: राजदूत ३५०, बॅटरी चार्जच होत नाही

नमस्कार मंडळी. गाडी १९८५ ची राजदूत ३५०, वायरिंग मूळचं, पॉइंट इग्निशन (उघडझाप करणाऱ्या पॉइंटवर प्लगची ठिणगी पडते). नवी १२ व्होल्टची बॅटरी बाहेरून चार्ज करून बसवली की चार-पाच दिवस ठीक, मग हॉर्न घोगरा होतो आणि इंडिकेटर नुसते मंद पेटून राहतात. रोज कोथरूड ते हडपसर, परतताना हेडलाइट चालू.

बॅटरीच्या टर्मिनलवर मोजलं: इंजिन बंद १२.५, आयडलला १२.१, ३००० आरपीएमला हेडलाइट न लावता १२.२. रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा) आणि रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा) दोन्ही बदला असा सल्ला मिळालाय. नाना पेठेत शोधता येतील, पण आधी नेमकं काय गेलंय ते कळायला हवं. सुरुवात कुठून करू?

किकस्टार्ट:
अजून काही विकत घेऊ नका. ३००० ला साधारण १४ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. या गाडीच्या अल्टरनेटरच्या (वीज बनवणाऱ्या भागाच्या) रोटरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या तुकड्यात, कायमचं चुंबक नसतं. कार्बन ब्रशमधून करंट गेला तरच रोटर चुंबक बनतो. म्हणून पहिली चाचणी बिनखर्चाची: डावीकडचं कव्हर काढा, इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक रोटरजवळ न्या. खटकन ओढला जाऊन चिकटला पाहिजे. चावी फार वेळ ऑन ठेवू नका, पॉइंट मिटलेले असतील तर इग्निशन कॉइल तापते.

आणि इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग येतंय का’ बघायची पद्धत सर्रास दिसते, ते कृपया करू नका. बॅटरी सुटली की व्होल्टेज उसळतं आणि धडधाकट रेक्टिफायर त्यातच जातो.

प्रश्नकर्ता:
स्क्रू ड्रायव्हर जेमतेम ओढला जातो, चिकटत नाही. रेग्युलेटरच्या तपकिरी वायरवर १२.१, हिरव्या वायरवर ११.९.

दोनस्ट्रोक:
तपकिरीतून रेग्युलेटरला करंट येतो, हिरवीतून तो रोटरला जातो. हिरवीवर जवळपास पूर्ण व्होल्टेज आहे, म्हणजे रेग्युलेटरवरचा संशय बराच कमी झाला. आता चावी बंद करून अल्टरनेटरचा कनेक्टर सोडवा आणि अल्टरनेटरच्या बाजूला हिरवी-काळीमध्ये ओहम मोजा. ५ च्या आसपास हवेत. दोन्ही प्लग काढा, किक हाताने हळूहळू दाबत क्रँक फिरवा आणि मीटरवर लक्ष ठेवा. आकडा नाचला तर दोष ब्रशमध्ये किंवा स्लिप रिंगमध्ये (रोटरवरच्या ज्या रिंगांवर ब्रश टेकतात त्या). काहीच दाखवलं नाही तर ब्रश उचलून थेट दोन्ही रिंगांवर मोजा. तिथेही काही नाही आलं तर रोटरचं वाइंडिंग तुटलंय.

प्रश्नकर्ता:
१८ ते ६० मध्ये नाचतोय. ब्रश काढले, त्यातला एक होल्डरमध्येच अडकलाय, स्प्रिंग असून पुढे सरकत नाही. रिंगांवर काळा चिकट लेप आहे, बोटाला शाईसारखा लागतो.

किकस्टार्ट:
हेच कारण. होल्डर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, ब्रश आपल्या वजनाने आत-बाहेर सरकायला हवा. आखूड झाले असतील तर दोन्ही एकदम बदला. रिंगा ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने गोलाईच्या दिशेनेच घासा, आडवे चरे पडले की नवा ब्रशही लवकर झिजतो. दोन रिंगांच्या मधली कार्बनची भुकटी लाकडी काडीने नीट काढा, नाहीतर करंट तिच्यातूनच पळतो.

प्रश्नकर्ता:
झालं! आता ५.२ ओहम, किक दाबतानाही स्थिर. ३००० ला १४.३. आयडलला हेडलाइट लावला की मात्र १२ च्या खाली येतं.

दोनस्ट्रोक:
आयडलचं मनावर घेऊ नका, दोन कॉइल आणि हेडलाइट एवढा भार या अल्टरनेटरला तिथे पेलत नाही. स्वारगेटला सिग्नलवर उभं असताना बॅटरी थोडी उतरणारच, गाडी पळायला लागली की भरून निघते.

मला काळजी त्या चिकट लेपाची आहे. कोरडी कार्बन भुकटी अशी लागत नाही, तिच्यात तेल मिसळलंय. ते बहुधा क्रँकच्या डाव्या सीलमधून (क्रँककेस हवाबंद ठेवणाऱ्या रबरी कड्यातून) येतंय. जिथून तेल बाहेर येतं तिथूनच हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि डावा पिस्टन जाम होऊ शकतो. थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम रेंगाळतात का? डावा प्लग उजव्यापेक्षा पांढरट आहे का?

प्रश्नकर्ता:
डावा चांगलाच पांढरट आहे, उजवा विटकरी.

दोनस्ट्रोक:
मग सील बदलेपर्यंत हायवेला नेऊ नका, कात्रजचा घाटही नको.