परत खेळायचा तर टँक, कॉन्ट्रा नाही

घाटंजीकर:
दिवाळीत पुण्या-नागपूरची मंडळी गावाकडे आली की जुन्या टीव्ही गेमचा विषय निघतोच, आणि यादी ठरलेली असते: मारिओ, कॉन्ट्रा, पार्लरमधला मुस्तफा. आठवणी म्हणून तिन्ही मला प्रिय आहेत. पण आज घरातल्या दहा-बारा वर्षांच्या पोराला शेजारी बसवून नव्यानं खेळावा असा गेम कोणता, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं माझं उत्तर ठाम आहे. टँक. म्हणजे नामकोचा १९८५ सालचा बॅटल सिटी, जो आपल्याकडे 'इतके इन वन' कॅसेटमधून घरोघरी पोचला.

मारिओत दोन खेळाडू म्हणजे एक खेळणार आणि दुसरा तो मरायची वाट पाहणार. कॉन्ट्रात दोघं सोबत असतात, पण तिसरी स्टेज आठवा, धबधब्याची. जो चपळ तो वर चढतो, पडदा त्याच्याबरोबर सरकतो आणि खाली राहिलेला गडी एकही गोळी न लागता मरतो. लहान पोर दोनदा असं मेलं की रिमोट खाली ठेवतं. टँकमध्ये पडदा जागचा हलत नाही. सगळं मैदान दोघांच्या डोळ्यांसमोर: विटा, लोखंड, पाणी, झाडी, आणि खाली मधोमध विटांच्या कुंपणात गरुड, जो शत्रूपासून राखायचा. एका स्टेजला शत्रूचे २० रणगाडे. तुमचा रणगाडा पिवळा, जोडीदाराचा हिरवा, ताकद अगदी सारखी.

आता खेळताना काय होतं ते बघा. चमकणारा रणगाडा फोडला की मैदानात कुठेतरी एखादी वस्तू पडते. समजा फावडं पडलं. ते घेतलं की गरुडाभोवतीच्या विटांचं काही वेळ लोखंड होतं आणि खालचा राखणदार वर जायला मोकळा होतो. पण फावडं पडलंय वर डाव्या कोपऱ्यात, वाटेत चार गोळ्यांशिवाय न फुटणारा रणगाडा उभा, आणि तारे घेऊन ज्याचा जोर वाढलाय तो गडी नेमका गरुडापाशी. कोण जाणार? हे दोन सेकंदांत, तोंडानं बोलून ठरवावं लागतं. घाईत जोडीदाराला गोळी लागली तर तो मरत नाही, पण जागीच थिजतो, आणि तेवढ्यात शत्रू विटा पोखरतो. आपल्याच गोळीनं आपला गरुड उडाला तर लाइफ कितीही शिल्लक असोत, खेळ दोघांचाही खलास. एवढी जबाबदारी त्या काळच्या दुसऱ्या कुठल्या गेमनं पोरांवर टाकली होती ते मला सांगा.

वर 'कन्स्ट्रक्शन' आहेच, आपलं मैदान आपण रचायचं. सेव्ह काहीच होत नाही, लाइट गेला की नकाशा गेला. तरी लोडशेडिंगच्या दोन फेऱ्यांमध्ये आम्ही मैदानं रचायचो, कारण स्टेज काही मिनिटांची असते आणि पुन्हा मांडायला कंटाळा येत नाही. आठव्या दुनियेच्या शेवटच्या किल्ल्यावर मारिओ पोचला आणि लाइट गेला, हे ज्यांनी भोगलंय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

परतवाडा बस स्टँड:
टँक चांगलाच हाय भाऊ, पण कॉन्ट्राले कमी नका लेखू. धबधब्यावर खालचा मरते म्हून गेम वाईट? मी तं म्हंतो तोच त्या गेमचा जीव हाय. वरच्याले थांबा लागते, खालच्याले येऊ द्या लागते, मंग दोघं मिळून पुढं. आमच्या इथं जो थांबे त्याच्याच संगं पोट्टे खेळत. जो एकटा पये त्याच्या बाजूले कोनी बसत नसे.

अन् कोड इसरले का? वर वर, खाली खाली, डावा उजवा, डावा उजवा, बी, ए, स्टार्ट. ३० लाइफ. कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतोनं हा कोड पयल्यांदा १९८६ च्या ग्रेडियसमधी टाकला, टेस्टिंग करतानी त्यालेच तो गेम झेपत नव्हता म्हून. तिथून १९८८ च्या कॉन्ट्रात आला. ना इंटरनेट, ना मासिक, तरी जपानातला कोड परतवाड्याच्या पोट्ट्याईले तोंडपाठ होता, कारन एकानं दुसऱ्याले शिकवला. लहान पोर मरून रायलं असंन तं कोड लावा, अन् शिकू द्या त्याले. आठ स्टेज हायेत, एका बैठकीत संपते, शेवटी काहीतरी जिंकल्यासारखं वाटते. टँकले ३५ स्टेज, अन् त्याच्यानंतर? परत तेच मैदान. शेवटच नाई त्याले.

दारव्ह्याचा मास्तर:
मला दोघांचंही पटत नाही. तुम्ही गेमचं कौतुक करत नाही आहात, सोबतीचं करता आहात. सोबत चांगली असली की लगोरीही चांगलीच वाटते. माझी कसोटी अशी: शेजारी कुणी नाही, जुने दोस्त नाहीत, रात्री जेवणं झाल्यावर एकटा माणूस तो गेम लावून बसला तर त्याला धरून ठेवतो का? या कसोटीला कॉन्ट्रा उतरत नाही. तो मुळात १९८७ चा नाणं टाकून खेळायचा गेम. एका गोळीत मारतो, कारण पुढचं नाणं हवं असतं. घरच्या कॅसेटमध्ये नाणं गेलं, पण मारायची पद्धत तीच राहिली.

माझं मत प्रिन्स ऑफ पर्शियाला. जॉर्डन मेकनरनं १९८९ मध्ये ॲपल टू या संगणकासाठी तो केला. धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रण केलं आणि एकेक चौकट उतरवून राजपुत्र काढला. म्हणून तो कडेला लोंबकळतो तेव्हा त्याचं वजन आपल्या बोटांना जाणवतं. १२ लेव्हल, ६० मिनिटं, आणि ती घड्याळातली खरी मिनिटं. संगणकाची मेमरी इतकी तुटपुंजी की नव्या शत्रूची चित्रं ठेवायला जागाच उरली नव्हती. मग राजपुत्राचीच चित्रं थोडी सरकवून एकमेकांत मिसळली आणि त्याची सावली तयार झाली. चौथ्या लेव्हलला आरशातून उडी मारली की ती बाहेर पडते, पाचव्यात तुमच्यासमोर तुमचं औषध पिऊन पळते, आणि बाराव्यात तलवार काढून उभी राहते. तिला वार केला की जखम तुम्हाला होते. करायचं एवढंच की तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्यात चालत जायचं. दोघं एक होतात.

शाळेच्या संगणक खोलीत हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला फक्त युक्ती कळली होती. चाळिशीत परत खेळलो तेव्हा बराच वेळ की-बोर्डवरचे हात काढून बसलो. मेकनरनं २०१२ मध्ये त्याचा मूळ सोर्स कोड, म्हणजे गेमचा लिहिलेला प्रोग्रॅम, सगळ्यांसाठी खुला केला, त्यामुळे जिज्ञासू पोरांना आतून बघताही येतो.

घाटंजीकर:
मास्तर, प्रिन्स मलाही आवडतो. पण सावलीचं कोडं एकदा सुटलं की सुटलं. दुसऱ्या खेपेला उत्तर माहीत असतं. परत खेळण्यासारखा गेम मी त्याला म्हणतो जिथं उत्तर माहीत असून भागत नाही, कारण शेजारचा माणूस दर वेळी वेगळा वागतो.

आणि परतवाड्याच्या भाऊंना: टँकला शेवट नाही हे खरंय, पण शेवट पाहायला मी तो लावतच नाही.

संत्राबाग, वरुड:
वरचं सगळं वाचलं. गडी, पोट्टे, पोरं, राजपुत्र. मुलगी यात कुठं आहे?

मुस्तफा, म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स, पार्लरमध्ये तिघं मिळून खेळायचे. त्यात हॅना नावाची बाईही निवडता येते. पण तालुक्याच्या त्या पार्लरच्या उंबऱ्याआत मी कधी गेले नाही, माझ्या वर्गातली दुसरी कुणी गेल्याचं ऐकलं नाही. आणि तो गेम घरच्या यंत्रावर कधी आलाच नाही, म्हणजे आमच्यासाठी तो नव्हताच.

घरी टीव्ही गेम होता. दुसरा रिमोट माझा. त्या रिमोटला स्टार्ट आणि सिलेक्टची बटणं नव्हती. निन्टेन्डोच्या मूळ जपानी यंत्रातच तशी रचना होती आणि आमच्या घरच्या नकलेनं ती उचलली होती. म्हणजे कुठला गेम लावायचा, कधी सुरू करायचा, कधी थांबवायचा, सगळं पहिल्या रिमोटच्या हाती. भाऊ पाणी प्यायला उठला की पॉज. मला आईनं चुलीपाशी हाक मारली की माझा हिरवा रणगाडा तसाच उभ्या उभ्या मरायचा. घाटंजीकर दादा, ताकद सारखी म्हणता ती पडद्यावर.

माझं मत नोकिया ११०० वरच्या सापाला. फोन २००३ चा. रंग नाही, गोष्ट नाही, शत्रू नाही. साप भिंतीतून आत जातो आणि पलीकडच्या भिंतीतून बाहेर येतो, आणि जितका वाढतो तितकी त्याला स्वतःचीच अडचण होते. वेग सगळ्यात वर ठेवला की विचार करून खेळता येत नाही, अंगठ्यालाच कळावं लागतं. लाइट असो नसो, एसटी येवो न येवो, तो सुरू करायला कुणाला विचारावं लागत नव्हतं. आजही जुना फोन चार्ज करून खेळते, आणि माझ्या लेखी जुन्या गेममध्ये यापेक्षा सच्चा दुसरा नाही.

घाटंजीकर:
ताई, बटणाचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं, आणि ते लिहिलंत हे फार बरं झालं. हल्लीच्या यूएसबी रिमोटच्या जोडीत दोन्हींना स्टार्ट असतो. आमच्याकडे पिवळा रणगाडा मुलीचा आहे, कुठली स्टेज लावायची ते तीच ठरवते. साप चांगला, पण त्यात सोबत नाही, म्हणून माझं मत टँकलाच.

संत्राबाग, वरुड:
सोबत नाही हेच तर हवं होतं.

टीव्ही रिपेअर, दर्यापूर:
मत कुणालाही द्या, पण परत खेळणार असाल तर थोडं ऐका. कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. तोंडाची वाफ पट्ट्यांवर बसते आणि त्या गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाला लावून पुसा, सुकू द्या, मग लावा. नव्या टीव्हीवर बटण दाबलं आणि उडी उशिरा लागली तर गेम खराब नाही. टीव्ही चित्र सुधारण्यात वेळ घालवतो. सेटिंगमध्ये गेम मोड असेल तर चालू करा, फरक लगेच कळेल.

बदकाच्या गेमची, म्हणजे डक हंटची बंदूक मात्र नव्या टीव्हीवर चालणार नाही. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीच्या नळीतला सेन्सर तो उजेड शोधतो. हे सगळं जुन्या पिक्चर ट्यूबच्या वेगावर बेतलेलं आहे. एलईडी टीव्हीला चित्र दाखवायला जो उशीर होतो तेवढ्यात बंदुकीची वेळ टळून जाते. गिऱ्हाईक बंदूक घेऊन येतं, मी परत पाठवतो. जुना डबा टीव्ही कुणाच्या कोठ्यात पडला असेल तर भंगारात देऊ नका, एवढीच विनंती.

पांढरकवडा ०७:
मी मोबाइलवर फ्री फायर खेळणारा आहे, स्पष्टच सांगतो. घाटंजीकर काका, तुम्ही जे वर्णन केलं, कोण राखणार, कोण पुढं जाणार, दोन सेकंदांत बोलून ठरवायचं, ते आम्ही रोज रात्री हेडफोन लावून करतो. चौघं असतो. मग तुमच्याच कसोटीवर आमचा गेम टँकच्या वर जायला पाहिजे. जुना आहे म्हणून जास्त मार्क का?

दारव्ह्याचा मास्तर:
जुना म्हणून नाही. परत खेळता येतो म्हणून. पबजीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये. पबजीच्या जागी आलेला बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये हटवला, तो २०२३ च्या मे महिन्यात परत आला. या मधल्या काळात तुमच्या हातात काय होतं? कंपनीचा सर्व्हर बंद तर गेम बंद. मला प्रिन्स खेळायला किंवा घाटंजीकरांना टँक लावायला कुणाच्या सर्व्हरची गरज नाही. वीस वर्षांनी तुमच्या पोराला तुम्ही आजचा फ्री फायर जसाच्या तसा दाखवू शकाल का, याचा विचार करा.

पांढरकवडा ०७:
सर, बंदी सरकारनं घातली, त्यात गेमचा काय दोष? फ्री फायर मॅक्स चालूच होता, आम्ही त्यावर गेलो. आणि एका पडद्यासमोर बसा म्हणणं तुम्हाला सोपं आहे. माझ्या टीममधला एक सुरतला कापड मिलमध्ये आहे, दोघं पुण्याकडे कंपनीत. मी इथं बाबांसोबत शेती बघतो. आमच्यासाठी तो गेम म्हणजे रात्री दहा वाजता चौघांनी भेटायची जागा आहे. तुमच्या टँकमध्ये ही सोय असेल तर सांगा, मी आज लावतो.

टीव्ही रिपेअर, दर्यापूर:
दोघांपुरती आहे. रेट्रोआर्क नावाचं जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, फोनवरही चालतं. त्यात नेटप्ले आहे, म्हणजे नेटवरून सोबत खेळायची सोय. एकानं होस्ट व्हायचं, दुसऱ्यानं त्याला जोडून घ्यायचं, पण दोघांकडे गेमची अगदी तीच फाइल हवी, नाहीतर जुळत नाही. नेट डळमळीत असेल तर अडखळतो, पण टँकमध्ये ते निभावून जातं. आधी सुरतवाल्यासोबत लावून बघ.

परतवाडा बस स्टँड:
अन् कॉन्ट्रा?

टीव्ही रिपेअर, दर्यापूर:
लागतो. पण धबधब्यावर वरच्यानं थांबायचं, कारण नेटमुळं खालच्याची उडी उशिरा लागणार.