गोंग यू एवढा मोठा स्टार आहे तर स्क्विड गेममध्ये एवढुसाच का?

अर्धवट_झोप:
मंडळी एक शंका. स्क्विड गेम या कोरियन मालिकेचा पहिला सीझन पाहिला तेव्हा तो मेट्रो स्टेशनवरचा सूटवाला माणूस, कागदाचे चौकोन आपटायचा खेळ खेळतो आणि समोरचा हरला की फाडकन कानाखाली वाजवतो, तो बघून मला वाटलं असेल कोणीतरी छोटामोठा नट. मग दुसऱ्या सीझनच्या पहिल्याच एपिसोडला हा परत. बागेत बेघर माणसांना पाव हवा की लॉटरीचं तिकीट विचारत फिरतो, बहुतेक जण तिकीट घेतात, आणि मग उरलेले पाव सगळ्यांसमोर जमिनीवर ओतून बुटाने तुडवतो. अंगावर काटा आला राव. नाव शोधलं तर गोंग यू, आणि खाली कमेंट्समध्ये सगळ्या 'आमच्या गॉब्लिनचं (ही त्याची गाजलेली मालिका म्हणे) हे काय झालं' म्हणून रडतायत. एवढा मोठा माणूस इतक्या छोट्या रोलला हो का म्हणाला असेल? आणि याचं काम बघायचं तर सुरुवात कुठून करू? फार गोडगोड रोमान्स मला झेपत नाही, आधीच सांगते.

रात्रपाळी:
छोट्या रोलचं उत्तर २०११ मध्ये आहे. स्क्विड गेमचा दिग्दर्शक ह्वांग दोंग-ह्योक, त्यानेच तेव्हा 'सायलेन्स्ड' केला होता आणि त्यात हिरो गोंग यू. म्हणजे ओळख जुनी, उगाच मोठं नाव हवं म्हणून घुसवलेलं नाही.

थोडं मागून सांगतो. जन्म १९७९, बुसानचा. खरं नाव गोंग जी-चल, वडिलांचं आडनाव गोंग आणि आईचं यू असं जोडून पडद्यावरचं नाव केलं. म्युझिक चॅनेलवर व्हीजे (गाण्यांचे कार्यक्रम सादर करणारा), मग २००१ पासून टीव्ही, बरीच वर्षं नुसता उंच देखणा मुलगा एवढीच ओळख. २००७ ला 'कॉफी प्रिन्स' आली आणि डोक्यावर घेतला लोकांनी. श्रीमंत घरचा पोरगा, कॅफेत कामाला ठेवलेल्या 'मुला'च्या प्रेमात पडतो, ती मुलगी आहे हे त्याला माहीतच नाही, आणि शेवटी म्हणतो तू कोणी का असेनास मला चालतंय. त्या काळात कोरियन टीव्हीवर हे बोलून दाखवणं साधं नव्हतं. (नंतर तो इन्स्टंट कॉफीच्या जाहिरातीत वर्षानुवर्षं दिसला, ते ओघानेच आलं.)

आता गंमत बघा, मालिका एवढी हिट आणि जानेवारी २००८ ला हा सैन्यात. तिकडे पुरुषांना ती सेवा सक्तीची आहे, स्टार असलात तरी, आणि जवळपास दोन वर्षं लोकांच्या नजरेआड जायचं म्हणजे नटांना धाकधूक असतेच. तिथे असताना याने लेखिका गोंग जी-यंग यांची कादंबरी वाचली, ग्वांगजूच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत झालेल्या लैंगिक अत्याचारांवरची, आणि बाहेर आल्यावर यावर सिनेमा व्हायलाच पाहिजे म्हणून स्वतः पुढाकार घेतला. तोच 'सायलेन्स्ड'. तो लागल्यावर देशभर एवढा संताप उसळला की पोलिसांनी प्रकरण पुन्हा उघडलं, शाळा बंद झाली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस संसदेने १३ वर्षांखालची मुलं आणि अपंग स्त्रिया यांच्यावरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठी खटला भरायची मुदतमर्यादा काढून टाकली. लोक त्या कायद्याला सिनेमाच्या कोरियन नावानेच ओळखतात. चॉकलेट हिरो म्हणून आणखी दहा वर्षं आरामात काढता आली असती त्याला, पण हे केलं.

बघताना जपून हं. शेवटाकडे पोलीस पाण्याचा मारा करतायत आणि हा मेलेल्या मुलाचा फोटो छातीशी धरून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहतो, या मुलाला ऐकू येत नाही, बोलता येत नाही, याचं नाव मिन-सू आहे. मी तरी दुसऱ्यांदा लावायची हिंमत केली नाही.

चहा_बिस्कीट:
रात्रपाळी यांना +१, पण २०१६ राहिलं की! एकाच वर्षात अभिनेत्री जन दो-योनबरोबर 'अ मॅन अँड अ वुमन', मग 'ट्रेन टू बुसान', मग दिग्दर्शक किम जी-वूनचा 'द एज ऑफ शॅडोज' ज्यात समोर सोंग कांग-होसारखा नट, आणि डिसेंबरात 'गॉब्लिन'. असं वर्ष नटाला आयुष्यात एकदा मिळालं तरी खूप. 'ट्रेन टू बुसान'ची कोरियात १ कोटी १० लाखांच्या वर तिकिटं गेली, देशाची लोकसंख्याच पाच कोटींच्या आसपास आहे. 'गॉब्लिन'च्या शेवटच्या भागाचं रेटिंग २० टक्क्यांच्या पुढे, केबल चॅनेलवर तोवर कुठल्या मालिकेला जमलं नव्हतं. लेखिका किम उन-सूक कितीतरी वर्षं त्याच्या मागे लागली होती आणि हा नाहीच म्हणायचा. शेवटी हो म्हणाला तो छातीत तलवार घुसलेल्या ९०० वर्षांच्या भुताला. गांगनंगला समुद्राच्या ज्या बांधावर सीन झाला तिथे लोक नंतर फोटोसाठी रांगा लावायचे.

खडूस_काका:
माझं मत वेगळं, शिव्या घाला हवं तर. माणूस गुणी आहे, वाद नाही, पण २०२० नंतरची निवड गंडलीये. 'सोबोक'मध्ये विषय भारी, क्लोन आणि मरणाची भीती, पण सिनेमा अर्ध्यात बसकण मारतो. 'द सायलेंट सी'मध्ये चंद्रावर जाऊन तोंड पाडून बसलाय. 'द ट्रंक' मी तीन वेळा डुलक्या काढत संपवली. कमी बोलणारा, आतून तुटलेला, चांगला कोट घातलेला माणूस, एवढंच किती दिवस? म्हणून तर स्क्विड गेममधला तो सूटवाला सेल्समन आवडला, बऱ्याच दिवसांनी मजा घेत काम करताना दिसला.

सई_म्हणे:
काका थोडं पटलं, पण 'किम जी-यंग, बॉर्न १९८२' पाहिलात का? २०१९ चा. घर आणि मूल यात पिचून गेलेल्या बाईची गोष्ट, जंग यू-मी नायिका, हा नवरा. तिने हा रोल घेतला एवढ्यावरून तिच्यावर ट्रोलधाड पडली होती, सिनेमा बनूच देऊ नका म्हणून राष्ट्राध्यक्षांच्या ऑफिसकडे अर्ज गेले होते. अशा वेळी आघाडीच्या हिरोने दुय्यम रोल घेणं याला किंमत आहे. आणि नवरा व्हिलन नाहीये बरं का, चांगला आहे, काळजी करतो, मदत 'करतो', आणि तरी काहीच सुटत नाही. चांगुलपणातला तो बावळटपणा त्याने इतका अचूक दाखवलाय की चीड पण येते आणि दया पण. जंग यू-मी 'सायलेन्स्ड' आणि 'ट्रेन टू बुसान'मध्येही आहे, त्यामुळे ओळीने बघितलेत तर जास्त मजा.

अर्धवट_झोप:
बापरे, मस्त माहिती, सगळ्यांना थँक्यू. काका तुमच्या 'तोंड पाडून बसलाय'ला खूप हसले. 'सायलेन्स्ड' लगेच झेपणार नाही वाटतं. 'ट्रेन टू बुसान' लावते आज रात्री. भुताटकी चालते मला, रडारड नाही चालत.

रात्रपाळी:
मग अवघड आहे ताई, झॉम्बीचा असला तरी त्यात बापलेकीचीच गोष्ट आहे, शेवटची दहा मिनिटं रुमाल लागणार. आणि तो आवडला म्हणून लगेच 'पेनिन्सुला' लावू नका, त्याच दिग्दर्शकाचा पुढचा भाग आहे, पण गोंग यू त्यात नाहीये.